रात्रपाळीला किती माणसं?

मी सांगलीची. आमच्याकडे तुरुंग म्हटलं की वसंतदादांची उडी आठवते. १९४३ साली गणेशदुर्गातल्या तुरुंगातून दादा आणि त्यांचे साथीदार तट ओलांडून खंदकात उतरले, मागून गोळीबार झाला, ही गोष्ट लहानपणी इतक्यांदा ऐकली होती, की तुरुंग निसटण्यासाठीच बांधतात असा माझा समज होता. पुढे आर्किटेक्ट झाले, अमेरिकेत आले, ओमाहात नोकरी लागली. बारा वर्षं शाळा, दवाखाने, एक वाचनालय असं चाललं होतं. मग एका सोमवारी साहेबांनी टेबलावर एक फाईल आणून ठेवली. नदीपलीकडे आयोवातल्या एका काउंटीला नवीन जेल हवं होतं, आणि आमच्याकडे जेलची कामं बघणारे गृहस्थ नुकतेच निवृत्त झाले होते. बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "उडी मारायला जागा ठेव गं कुठेतरी."

इथे जेल वेगळं आणि प्रिझन वेगळं. मोठी शिक्षा झालेले लोक राज्याच्या किंवा केंद्राच्या प्रिझनमध्ये जातात. काउंटीचं जेल मुख्यतः कच्च्या कैद्यांचं आणि वर्षाच्या आतल्या शिक्षांचं. काल रात्री दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेला, कोर्टाची तारीख चुकवलेला, जामिनाला पैसे नसलेला, आणि अधूनमधून एखादा खुनाचा आरोपी, सगळे एका छपराखाली. ते चालवतो शेरीफ. मुंबईचा शेरीफ म्हणजे नगरपाल, नुसतं मानाचं पद. इथला शेरीफ दर चार वर्षांनी मतं मागून निवडून येतो आणि त्याच्या कमरेला खरं पिस्तूल असतं. मात्र जेलला पैसे देतं काउंटीचं सुपरवायझर मंडळ. चूल एकाच्या ताब्यात, डब्यातले पैसे दुसऱ्याच्या. पहिल्याच बैठकीत हे कळलं. सुपरवायझरांनी विचारलं, बांधायला किती लागतील? शेरीफांनी विचारलं, रात्रपाळीला किती माणसं लागतील? मी उजेड, रंग आणि आवाज यांवर तयारी करून गेले होते. दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून एक रात्र जुन्या जेलमध्ये काढायची परवानगी मागितली. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा.

कोर्टाच्या मागे १९३०च्या दशकातली विटांची इमारत. आत एक लांब बोळ, एका बाजूला गज. बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं की बोळ दिसतो, कोठडीतला माणूस दिसत नाही. तो दिसायला प्रत्येक कोठडीसमोर जाऊन उभं राहावं लागतं. रात्री कामावर दोघं. एक बाई डिस्पॅचला. ९११चे फोन त्याच घेणार, रुग्णवाहिका त्याच पाठवणार, आणि जेलची दारं उघडायची बटणंही त्यांच्याच टेबलावर. दुसरा एक तरुण पोरगा, बोळात फेऱ्या घालणारा. पहाटे दोनच्या सुमाराला शेतातल्या रस्त्यावर गाडी उलटल्याचा फोन आला. बाई घाबरलेल्या माणसाकडून पत्ता काढून घेत होत्या, आणि तेवढ्यात हा पोरगा आतल्या दारापाशी येऊन घंटी दाबायला लागला. चार मिनिटं तो तिथे उभा होता. मी घड्याळ पाहिलं. त्याच्या पाठीमागे बोळात कुणीतरी एकसारखं ओरडत होतं. त्या रात्री काही झालं नाही. सकाळी बाईंनी थर्मासमधली उरलेली कॉफी मला दिली आणि म्हणाल्या, रोज असंच असतं.

ओमाहाला परतताना गाडीतच गणित मांडलं. या धंद्यात जिथे कायम माणूस लागतो त्या जागेला पोस्ट म्हणतात. एक पोस्ट चोवीस तास, सातही दिवस भरलेली ठेवायची तर वर्षाचे ८,७६० तास. एक माणूस कागदावर वर्षाला २,०८० तास काम करतो. त्यातून सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण, बाळंतपण वजा केलं की हाती साधारण १,७५० उरतात. भागाकार करा. पाच येतात. म्हणजे नकाशावर मी एक कोपरा असा वळवला, की पलीकडचं बघायला तिथे कुणीतरी बसावंच लागेल, तर मी पाच पगार चालू केले, आणि इमारत उभी आहे तोवर ते चालूच राहणार. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ करेक्शन्स म्हणून एक केंद्रीय संस्था आहे. १९७१च्या ॲटिका प्रिझनच्या दंगलीनंतर १९७४ मध्ये ती आकाराला आली, आणि नवीन जेल बांधू पाहणाऱ्या काउंट्यांना ती नेमकं हेच शिकवत आली आहे. धंद्यातला ठोकताळा असा, की तीस वर्षांच्या एकूण खर्चात बांधकामाचा वाटा जेमतेम दहावा. मोठा हिस्सा पगारांचा. हत्ती घेणं सोपं, पोसणं अवघड. आमच्या आधीच्या सल्लागाराने जो आराखडा दिला होता त्यात रात्रीच्या पाच पोस्ट होत्या. मला तीनवर यायचं होतं. दोन पोस्ट, दहा माणसं.

कमी माणसांत जेल चालवायची हौस काही नवी नाही. ओमाहातून मिसुरी नदी ओलांडली की कौन्सिल ब्लफ्स, आणि तिथे पॉटावॉटमी काउंटीचं १८८५चं जेल आहे, आता त्याचं म्युझियम झालंय. लोक त्याला खारीचा पिंजरा म्हणतात. तीन मजली लोखंडी पिंप. प्रत्येक मजल्यावर पावाच्या तुकड्यांसारख्या दहा निमुळत्या कोठड्या, आणि मजल्याला बाहेर पडायचं दार एकच. जेलर हँडल फिरवतो, अख्खं पिंप गरगरतं, हवी ती कोठडी दारासमोर येते, बाकीच्या बंद. याचं पेटंट १८८१ साली इंडियानापोलिसच्या ब्राउन आणि हॉ या दोघांनी घेतलं, आणि उद्देश स्वच्छ लिहिला: जेलर आणि कैदी यांची गाठ न पडता कैदी ताब्यात राहावेत. एका माणसात जेल! मी तिथे रविवारी गेले, सोबत नवरा आणि कंटाळलेला मुलगा. मुलाला हँडल फिरवून बघायचं होतं. गाइडने सांगितलं, फिरताना बाहेर राहिलेले हातपाय चिरडायचे, इमारत खचली तसे दाते अडकायला लागले, आणि एकदा आत माणूस मेला तर पिंप फिरेना म्हणून त्याला दोन दिवस बाहेर काढता आलं नाही. तरी ते जेल १९६९पर्यंत वापरात होतं. चित्र म्हणून ती कल्पना इतकी सुबक आहे, की मला तिची भीती वाटली. असली चित्रं मीही काढू शकते.

अंदमानचं सेल्युलर जेलही डोक्यात होतंच. सावरकरांमुळे ते मराठी घरांत वेगळं सांगावं लागत नाही. मधोमध मनोरा आणि त्यातून सात पाखं. शाळेत चित्र बघताना वाटायचं, मनोऱ्यातल्या माणसाला सगळं दिसत असणार. आर्किटेक्टच्या डोळ्यांनी बघितलं तर त्याला दिसायचे फक्त व्हरांडे. कोठड्यांची तोंडं पुढच्या पाखाच्या पाठीकडे, म्हणजे कैद्यांना एकमेकांशी बोलता येऊ नये. हिशेब एकांताचा होता, नजरेचा नव्हता. आमच्या जुन्या जेलच्या बोळाचाही रोग तोच.

मला खरं तर वेगळंच काहीतरी करायचं होतं. १९७० च्या दशकात केंद्र सरकारने न्यूयॉर्क, शिकागो आणि सॅन डिएगोत कच्च्या कैद्यांसाठी नव्या इमारती बांधल्या. शिकागोचा तो आर्किटेक्ट हॅरी वीझचा त्रिकोणी मनोरा. तिथून पहारेकऱ्यालाच आत बसवायची पद्धत आली. काच नाही, गज नाही. कैद्यांच्या दिवाणखान्यात, म्हणजे डेरूममध्ये, एक साधं टेबल आणि त्याच्यामागे बसलेला पहारेकरी. काउंटीच्या जेलमध्ये ही पद्धत पहिल्यांदा कॅलिफोर्नियाच्या कॉन्ट्रा कोस्टा काउंटीने मार्टिनेझला १९८१ मध्ये आणली. माणूस सतत समोर असला की मोडतोड कमी होते, त्यामुळे पोलादी संडासाच्या जागी चिनी मातीचा चालतो, दारं साधी चालतात. बांधकाम स्वस्त, वातावरण माणसांचं. हे मी उत्साहाने मांडलं. जेलच्या प्रशासक बाई, वीस वर्षं याच जेलमध्ये काढलेल्या, शांतपणे ऐकून म्हणाल्या, "एका पहारेकऱ्यासमोर किती जण बसवणार?"

तिथेच गाडी अडली. अशा पॉडमध्ये, म्हणजे कोठड्या आणि त्यांची डेरूम मिळून झालेल्या भागात, एक माणूस पन्नास-साठ कैदी सांभाळतो, म्हणून ते परवडतं. आमचे एकूण सरासरी साठ. त्यात बायका वेगळ्या, मारामारी करणारे वेगळे, रोज कामाला सोडतात ते वेगळे, आजारी वेगळे, आणि शुक्रवारी रात्रीचे झिंगलेले वेगळे. सगळ्यात मोठा गट तिसाच्या आत. प्रत्येक गटाला आत एक माणूस, गुणिले पाच. आपल्याकडे खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत गुरुजी ओसरीवर मधोमध बसतात आणि चारी वर्गांवर एकदम नजर ठेवतात. आम्हाला तेच करावं लागणार होतं. मी हरले. वाईट वाटलं, पण भागाकाराशी भांडून काय करणार.

मग नकाशा मधून बाहेर असा वाढत गेला. मधोमध कंट्रोल रूम, भोवती पंख्यासारखे चार पॉड, प्रत्येक दुमजली, कोठड्यांची तोंडं कंट्रोल रूमकडे. पुढच्या अंगाला बुकिंग, म्हणजे आणलेल्या माणसाची नोंद करायची जागा, जिथे पोलिसांची गाडी आत घेऊन शटर पाडतात आणि मगच माणसाला उतरवतात. डिस्पॅच शेजारच्या खोलीत, मध्ये काच. दिवसा ही दोन कामं पूर्ण वेगळी, रात्री अडीनडीला एकीकडून दुसरीकडे बघता येईल अशी. त्या चार मिनिटांसाठी मी नकाशावर ती काच आखली होती.

दुसरी बचत वर्दळीची. कैदी एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा म्हणजे सोबत माणूस लागतो. म्हणून जे जे जमेल ते पॉडमध्ये आणलं. मोकळ्या हवेचं अंगण प्रत्येक पॉडला चिकटून, म्हणजे दार उघडलं की झालं. न्यायाधीशांसमोरची पहिली हजेरी व्हिडिओवर. नर्स औषधांची गाडी घेऊन पॉडच्या दाराशी येते. भेटीही स्क्रीनवर, आणि हे मला आजही आवडलेलं नाही. आईला पोराचा चेहरा जाड काचेतून का होईना, समोर दिसायला हवा होता. दोन खोल्या प्रत्यक्ष भेटीच्या ठेवायला लावल्या. त्या वकिलांच्या नावावर मंजूर झाल्या.

बांधकामाचे पैसे काउंटी कर्जरोख्यांतून उभे करणार होती, आणि आयोवात अशा कर्जरोख्यांना मतदारांची साठ टक्के मंजुरी लागते. निम्म्याहून जास्त लोकांनी हो म्हटलं आणि तरीही आम्ही आपटलो. दरम्यान जागा नसल्यामुळे कैदी शेजारच्या काउंट्यांत दिवसाच्या भाड्याने ठेवायचे, आणि कोर्टाच्या तारखेला शेरीफची माणसं तास-तास गाडी हाकत त्यांना आणायची. त्या खर्चातून हाती काही उरत नव्हतं.

मतदानाआधीच्या एका सभेत एका शेतकऱ्याने विचारलं होतं, "जितकं बांधाल तितकं भरेलच ना?" तेव्हा हसून सोडून दिलं. हरल्यावर तो प्रश्न परत काढला. आधीच्या सल्लागाराने मागच्या वर्षांची रेघ तशीच पुढे ओढून १४० खाटा धरल्या होत्या. आम्ही नोंदी काढून बसलो. थोड्या रकमेच्या जामिनापायी आठवडाच्या आठवडा बसलेले, तारीख विसरले म्हणून पकडलेले, असे बरेच निघाले. कोर्टाने तारखेची आठवण फोनवर पाठवायला सुरुवात केली, सरकारी वकिलांनी काहींना जामिनाशिवाय सोडायची तयारी दाखवली. आम्ही ८८ वर आलो. साठ सरासरीला ८८ कशाला, असं सुपरवायझरांनी विचारलंच. साठ ही सरासरी, गर्दीच्या दिवशी आकडा वर जातो; शिवाय जेल ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवरच भरलेलं धरतात, कारण बायकांच्या पॉडमधली रिकामी खाट पुरुषाला देता येत नाही. पाचव्या पॉडचा फक्त पाया आणि नळांची सोय करून ठेवली. माझ्या हिशेबात सगळ्यात जास्त बचत या टप्प्यावर झाली, आणि त्यासाठी एकही रेघ ओढावी लागली नाही.

दुसऱ्यांदा पास झालो. मग कात्री, म्हणजे खर्च कापायची यादी.

कोठड्या विटाब्लॉकच्या बांधायच्या की कारखान्यात तयार झालेल्या पोलादी पेट्या ट्रकवर आणून क्रेनने एकावर एक रचायच्या? पेट्या घेतल्या, जागेवरचे महिने वाचले. खरा वाद खिडकीवरून झाला. संडासाचे नळ कोठडीच्या मागच्या अरुंद बोळात ठेवले तर प्लंबर आत न शिरता दुरुस्ती करतो, सोबत पहारेकरी लागत नाही, म्हणजे पुन्हा माणसं वाचतात. पण मागे नळांचा बोळ आला की कोठडीला बाहेरची भिंत राहत नाही आणि खिडकी जाते. उजेड मग डेरूमच्या मोठ्या खिडकीतून उसना घ्यायचा. नळ पुढच्या बाजूला घेतले तर खिडकी राहते, खर्च वाढतो. मी तीन आठवडे भांडले. शेवटी लांब मुक्कामवाल्यांच्या एका पॉडला आणि आजाऱ्यांच्या कोठड्यांना खिडक्या मिळाल्या, बाकीच्यांना उसना उजेड.

त्याच यादीत कोणीतरी हवेच्या झडपांवरच्या जाळ्या साध्या करायचं सुचवलं होतं. अमेरिकेतल्या स्थानिक जेलमध्ये मृत्यूचं सगळ्यात मोठं एकच कारण आत्महत्या आहे, आणि बारीक भोकांची ती जाळी, कोसळणारा हुक, कडा नसलेली खाट ही सगळी त्यासाठीच असतात. प्रशासक बाईंनी यादी माझ्या हातून घेऊन ती ओळ पेनाने खोडली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. खिडकी आणि जाळी यांच्या धांदलीत उरलेल्या चाळीसएक ओळींवर मी भराभर सह्या केल्या.

काम सुरू व्हायच्या आधी आम्ही काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या प्रदर्शनाच्या शेडमध्ये, अख्खा पॉड आणि कंट्रोल रूम जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने आखली. खाली शेणाचा जुना वास, वर पत्रे. शेरीफची माणसं खुर्च्या घेऊन बसली, आम्ही कैदी झालो. कोण कुठून दिसतं, कुठे लपता येतं, हे दिवसभर खेळलो. एक आंधळा कोपरा सापडला, जिन्याखाली, तो बुजवला. प्रिझन रेप एलिमिनेशन ॲक्ट, म्हणजे तुरुंगातल्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या नियमांप्रमाणे अंघोळ करणारा माणूस विरुद्ध लिंगाच्या पहारेकऱ्याला उघडा दिसता कामा नये, पण पहाऱ्यासाठी डोकं आणि पाय मात्र दिसायला हवे होते. त्या अर्ध्या आडोशाची उंची आम्ही एका उंच आणि एका बुटक्या पहारेकऱ्याला पुठ्ठ्यामागे उभं करून ठरवली. संध्याकाळी सगळे खूश. मीही.

बांधकाम सव्वा वर्ष चाललं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हिवाळ्यात काँक्रीट थांबलं, कुलपांचा माल उशिरा आला, ते सगळीकडेच होतं.

सुरू झाल्यावर दहा महिन्यांनी गेले. प्रशासक बाई मला थेट कंट्रोल रूममध्ये घेऊन गेल्या. टेबलाखाली फूटभर उंचीचं प्लायवूडचं जोतं होतं, त्यावर खुर्ची. मी विचारायच्या आत त्यांनी ती खुर्ची बाजूला काढून खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आता बस."

बसले. समोरच्या काचेच्या मधोमध एक जाड आडवी पोलादी पट्टी बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत होती. तिच्यामागे खालच्या मजल्याच्या कोठड्यांची दारं गडप. कात्रीच्या यादीतली ती एक ओळ: एक मोठी काच महाग पडते, दोन लहान घ्याव्यात. सही माझी. चिकटपट्टीने जमिनीवर भिंती आखता येतात, काचेतली पट्टी आखता येत नाही. पहिले दोन महिने पहारेकरी अर्धी रात्र उभं राहून काढायचे, आणि शेरीफनी चौथ्या पोस्टची मागणी लिहून तयार ठेवली होती. मग काउंटीच्या देखभालवाल्या माणसाने एका शनिवारी हे जोतं ठोकून दिलं.

मी माफी मागितली. बाईंनी खुर्ची परत वर चढवली. शेजारच्या खोलीत डिस्पॅचचा फोन वाजत होता आणि त्याच वेळी दुसऱ्या पॉडच्या दारावरची घंटी झाली; इथल्या पहारेकऱ्याने बटण दाबलं, तिथल्या बाईने फोन उचलला. भिंतीवरच्या फळ्यावर त्या रात्रीची तीन नावं लिहिली होती. त्यातलं एक नाव दिवसपाळीच्या रकान्यातही होतं. मी तिकडे बघतेय हे बाईंच्या लक्षात आलं.

"तुझे पाच कागदावर आहेत," त्या म्हणाल्या. "गावातली कोंबड्यांची फॅक्टरी तासाला आमच्यापेक्षा दोन डॉलर जास्त देते. मला मिळतात चार."